ताण तोडायचे दिवस

यंदा थंडी एका मंगळवारी आली. सोमवारपर्यंत घरात पंखा एकवर फिरत होता, आणि मंगळवारी सकाळी मैदानावर पोचले तर स्कूटीच्या सीटवर दव. बोटानं रेघ ओढली आणि गारवा थेट कोपरापर्यंत गेला. गेटजवळच्या तर्रीपोह्यांच्या ठेल्यावर वाफेचा ढग, कडुनिंबाखाली कोणीतरी पेटवलेल्या पाल्याचा धूर, आणि त्या धुराभोवती हात चोळत उभी असलेली कानटोपीवाली मंडळी. नागपूरकरांना उन्हाळ्याची सवय असते, थोडा अभिमानही असतो. थंडीचं मात्र दरवर्षी नव्यानं अप्रूप. चार दिवस घालायला मिळणार म्हणून वर्षभर जपलेले स्वेटर बाहेर निघतात आणि सगळं मैदान डांबरगोळ्यांच्या वासानं भरून जातं.

त्या वासाबरोबर मला तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो. मी बसायला शिकले तो हिवाळा.

बसायला म्हणजे नुसतं बसायला. डोळे मिटून, काही न करता. ‘ध्यान’ हा शब्द मला अजूनही दुसऱ्या कोणाचे तरी कपडे घातल्यासारखा वाटतो, बाह्यांत सैल आणि खांद्यावर जड. म्हणून मी आपलं ‘बसणं’ म्हणते. घरात तेच नाव रूढ झालंय. कोणाचा फोन आला तर माझी मुलगी ईरा सांगते, “आई बसली आहे,” आणि पलीकडच्याला वाटतं, मी कुठेतरी रुसून बसले आहे.

मी बायकांना स्कूटी शिकवते. जरीपटक्याच्या बाजारामागच्या मैदानावर, सकाळी साडेसहा ते दहा, गेली कित्येक वर्षं. कॉलेजच्या मुली येतात, नोकरी लागलेल्या येतात, सासरी येऊन वर्ष झालं आणि भाजी आणायलासुद्धा कोणाच्या तरी मागे बसावं लागतं म्हणून कंटाळलेल्या येतात. काम मला फार आवडतं. पण त्या वर्षी काहीतरी बिनसलं होतं. नवरा, संदीप, बुटीबोरीच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या, ईराची शाळा, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि या सगळ्यावर दिवसातून शंभर वेळा ओरडायचं, “ब्रेक! ब्रेक दाबा! अहो तो ॲक्सिलरेटर आहे!” हळूहळू माझं ओरडणं मैदानावरून घरी यायला लागलं. मी कुकरवर ओरडायची. दुधाच्या पिशवीवर ओरडायची.

दिवाळीनंतर एका मुलीवर मी अशी ओरडले की तिनं स्कूटी नीट स्टँडला लावली, हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, ओढणी सारखी केली आणि चालू लागली. गेटपर्यंत ती ताठ गेली. गेटबाहेर पडल्यावर तिचे खांदे हलायला लागले, ते मला जाळीतून दिसलं. ती परत आली नाही. मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. तिची काय चूक होती? वळताना पाय खाली टेकवला होता. एवढंच.

त्याच आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी आरशाचा चमचा तोंडात फिरवला आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही दात खाता.”

मला वाटलं, घरून कोणी फोन केला की काय.

“झोपेत खाता,” ते म्हणाले. “दाढा सपाट झाल्यात. ताण आहे का काही?” त्यांनी दातांवर बसवायचं एक प्लॅस्टिकचं कवच दिलं आणि दारापर्यंत येऊन सांगितलं, “रोज दहा मिनिटं शांत बसत जा. खर्च नाही, गोळी नाही.”

खर्च नाही, गोळी नाही. मला हसू आलं. दहा मिनिटं तर कोणीही बसेल! दुसऱ्या दिवशी मी मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं, पहिली शिकाऊ यायच्या आधी मैदानाच्या कडेला सिमेंटच्या बाकावर बसले, कानात इअरफोन घातले आणि डोळे मिटले. एक मऊ आवाजाची बाई म्हणाली, “कल्पना करा, तुम्ही समुद्रकिनारी आहात.” मी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलाय. त्यातल्या एका वेळी माझी नवी चप्पल लाटेत गेली होती. झालं, मी चपलेमागे गेले. चपलेवरून संदीपशी झालेलं भांडण आठवलं, भांडणावरून नणंद आठवली. पुढच्या दिवशी मी समुद्राऐवजी फुटाळा तलाव डोळ्यांसमोर आणून पाहिला. पण फुटाळ्यावर कोणी शांत बसतं का? तिथे भाजलेलं कणीस लागतं. मला भूक लागली.

तिसऱ्या दिवशी मी इतक्या निश्चयानं डोळे मिटून बसले होते की समोर कोणी येऊन उभं राहिल्याचं कळलंच नाही.

“मॅडम, डोकं दुखून राहिलं का?”

डोळे उघडले. समोर साठी ओलांडलेली एक बाई. सुनेचा पंजाबी ड्रेस, त्यावर स्वतःचं हातानं विणलेलं तपकिरी स्वेटर, पायात मुलाचे बूट, आणि कपाळावर हेल्मेटमध्ये मावेल की नाही अशी मोठी टिकली.

“नाही हो. ध्यान करते आहे.”

“असे दात-ओठ खाऊन?” त्यांनी विचारलं.

या कुसुमकाकू. वय त्रेसष्ट. नाव-पत्ता लिहून घेताना म्हणाल्या, “वय नका लिहू. पाह्यणाऱ्याले दिसतेच.” कळमेश्वरकडे त्यांचा संत्र्याचा बगीचा. नवरा सात वर्षांपूर्वी गेलेला. त्यानंतर मुलानं त्यांना नागपूरला, जरीपटक्याला आपल्या घरी आणलं. दर रविवारी तो त्यांना मोटारसायकलवर बसवून बगिच्यात नेऊन आणायचा.

“मग स्कूटी कशाला?” मी विचारलं.

“मले माह्या मर्जीनं जायाचं आहे,” त्या म्हणाल्या, आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

पहिल्या दिवशी त्यांना स्कूटी दहा फूटसुद्धा सरळ नेता आली नाही. मी ओरडले. त्या शांतपणे थांबल्या, मान वळवून म्हणाल्या, “मॅडम, मी कापसाच्या वावरात हाकाहाकीत वाढली. मले ओरडण्याचं काई नाई. पण तुमचा गळा दुखन.”

दुसऱ्या दिवशी त्या वेळेच्या आधी हजर झाल्या आणि बाकावर माझ्याशेजारी बसल्या. “तुमचं काय ते बसणं, मीबी बसते. एकटीनं डोळे मिटले का भेव वाटते माणसाले. दोघी असलो म्हंजे बरं.”

“काकू, तुम्हाला येतं?”

“मले कुठचं येते वं? तुले तरी कुठं येते? मंग झालं तर.”

तेव्हापासून एक मजेशीर रीत पडली. बाकावर मी ‘पोरी’ आणि ‘वैशाली’ असे, स्कूटीजवळ गेल्या की लगेच ‘मॅडम’.

दहा मिनिटं आम्हाला झेपत नव्हती. आम्ही पाच ठरवली. ॲपमधल्या बाईला आम्ही रजा दिली आणि मोबाइलवर नुसता गजर लावला. ते पहिले पंधरा दिवस आठवले की आजही हसू येतं. डोळे मिटले की नाकाला खाज. नाक खाजवलं की पोटरी. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हास्य क्लबची मंडळी जमायची आणि नेमकं आमच्या तिसऱ्या मिनिटाला त्यांचं “हा हा हा, हो हो हो” सुरू व्हायचं. एक रिटायर्ड मास्तर शेवटी एकटेच हसत राहायचे, बाकीचे थांबले तरी. मी मनात म्हणायची, श्वास आत, श्वास बाहेर, आणि मास्तर म्हणायचे, हीऽ हीऽ हीऽ. शेजारी काकू गदगदा हलायला लागायच्या. पदर नसल्यामुळे त्या तोंडात ओढणी कोंबून हसत असायच्या. मग मलाही आवरायचं नाही. पाच मिनिटांतली दोन अशी हसण्यात जायची. एकदा काकू चक्क घोरल्या. गजर वाजल्यावर दचकून म्हणाल्या, “लय खोल गेली होती मी.”

पण एक दिवस मी खरंच वैतागले. “काकू, हे आपलं काम नाही. डोळे मिटते न मिटते तोच डोकं कुठल्या कुठे जातं. मी त्याला रागावते, परत आणते, की ते पुन्हा पळतं.”

काकूंनी बुटाच्या टोकानं मातीत एक रेघ ओढली. “हा दांड. यातून विहिरीचं पाणी झाडाच्या आळ्यात जाते. बरोबर? आता पाणी हाये ते. उंदराचं बीळ दिसलं, घुसलं. दांड फुटला, चाललं भलतीकडे. तेव्हा आपण काय करतो? पाण्याले मारतो का? शिव्या देतो? फावड्यानं मातीचा एक लोंदा टाकायचा, अन् वळवायचं. पुन्हा फुटलं, पुन्हा लोंदा. दिवसभर हेच. त्यालेच तर पाणी देणं म्हंतात.”

“आणि किती वेळा फुटतं?”

“शंभर वेळा फुटते वं. झाडाले थोडीच माहीत रायते? त्याले पाणी भेटलं, झालं.”

मी पुढे या विषयावर एक-दोन पुस्तकं चाळली, पण मला उपयोगी पडला तो बुटानं ओढलेला दांड. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मन पळालं म्हणजे मी नापास झाले असं नाही. पळालं हे लक्षात येणं आणि त्याला न रागावता वळवणं, तेवढंच काम. न रागावता! माझ्यासारखीला हे दोन शब्द म्हणजे सगळा अभ्यासक्रम.

डॉक्टरांनी ताण आहे म्हणून सांगितलं होतं, हे मी काकूंना त्याच सुमारास सांगितलं. काकूंचा चेहरा उजळला.

“ताण? आमच्या बगिच्यालेबी आता ताणच देऊन राहिलो आम्ही.”

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. संत्र्याच्या झाडाला हिवाळ्यात महिना-दीड महिना मुद्दाम पाणी तोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतातही. नवख्या माणसाला वाटतं, झाड चाललं. मग एक दिवस ठरवून पाणी सोडतात. याला ताण तोडणं म्हणतात. आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत झाड असं फुलतं की पानं दिसत नाहीत.

“पण ताण कधी तोडाचा, हे झाडाच्या पानाले हात लावून समजते. फोनवर नाई समजत,” त्या म्हणाल्या. “यंदा मले सोता जायाचं आहे. सोता गाडी चालवत.”

मधेच माझ्या दिराचं लग्न आलं. चार दिवस मैदान नाही, बाक नाही. पाचव्या दिवशी मी आले ती पडलेल्या चेहऱ्यानं. “मोडली सवय, काकू. आता पुन्हा पहिल्यापासून.”

“लग्नात जेवली नव्हती का एक दिवस, धावपळीत?”

“जेवले नव्हते.”

“मंग आता जेवणच सोडून देतं का? बस गुमान.”

आणि मी गुमान बसले. गंमत अशी की पहिल्यापासून काही नव्हतं. बाक ओळखीचा होता, थंडी ओळखीची होती, राघूंचा थवा त्याच वेळी डोक्यावरून किरकिरत गेला. सवय ही मी समजत होते तशी उंच रचलेली माठांची उतरंड नव्हती, एक काढला की सगळी कोसळणारी. ती पायवाटेसारखी होती. चार दिवस कोणी चाललं नाही तर गवत थोडं वाकडं होतं, इतकंच.

डिसेंबरच्या शेवटी शेवटी काकू बऱ्या चालवायला लागल्या होत्या. सरळ जायच्या, थांबायच्या, डावीकडे वळायच्या. उजवीकडे वळताना मात्र डोळे बारीक करायच्या. त्या सकाळी त्या उजवीकडेच वळत होत्या. एक कुत्रं आडवं आलं. काकूंनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर पिळला आणि स्कूटी सुसाट निघून मेंदीच्या कुंपणात शिरली.

मी धावले. धावताना माझ्या आत काय झालं ते मला स्वच्छ आठवतं. “किती वेळा सांगितलं तुम्हाला!” हे वाक्य पोटातून निघालं, छातीत आलं, गळ्यात आलं. ते येताना मला दिसलं. याआधी ते मला कधी दिसलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडल्यावरच मला ऐकू यायचं. या वेळी ते गळ्याशी होतं आणि मी त्याच्याकडे पाहत होते. एका श्वासाएवढी जागा. बस, तेवढीच. त्या जागेतून वेगळेच शब्द निघाले.

“काकू, लागलं का कुठे?”

मेंदीच्या फांद्यांत पाय वर करून पडलेल्या काकू माझ्याकडे टकामका बघत होत्या. “मॅडम, आज ओरडल्या नाई तुमी! मी मेली का काय?”

आम्ही दोघी त्या कुंपणात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसणं थांबल्यावर लक्षात आलं की त्यांचं मनगट सुजायला लागलंय.

त्यांचा मुलगा विनोद त्यांना न्यायला आला. बाजारात त्याचं घड्याळांचं दुकान आहे. शांत, नीटनेटका माणूस. त्यानं आईचा हात पाहिला, स्कूटीचा तुटलेला आरसा पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “उद्यापासून आई येणार नाही.”

हाड मोडलं नव्हतं, नुसती मुरगळ होती, असं संध्याकाळी फोनवर कळलं. पण काकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बाकावर एकटी बसले. पाच मिनिटं पन्नास मिनिटांसारखी झाली. हास्य क्लबच्या मास्तरांनी येऊन विचारलं, “तुमच्या जोडीदारीण कुठे आहेत?” तिसऱ्या दिवशी मी बसलेच नाही, बाकाकडे बघितलं आणि सरळ स्कूटीकडे गेले. त्या दिवशी संध्याकाळी मी ईराच्या सांडलेल्या कंपासपेटीवर ओरडले. ती पेन्सिली गोळा करत राहिली. तिचे गोळा करणारे हात पाहून मला गेटबाहेर हलणारे ते खांदे आठवले. चौथ्या दिवशी मी पुन्हा बाकावर बसले. काकूंसाठी नाही, कौतुकासाठी नाही. मला लागतं म्हणून, तहान लागते तशी. एकटीनं डोळे मिटले आणि भेव वाटलं नाही.

त्यांचं हेल्मेट माझ्याकडेच राहिलं होतं. रविवारी ते घेऊन मी त्यांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. बाईमाणसाला गाडी नको, म्हातारपणी नको, हे कोण ठरवणार, वगैरे. चांगली धारदार वाक्यं होती.

विनोदनं दार उघडलं, आदरानं बसवलं. आत काकू हाताला क्रेप बँडेज बांधून मटार सोलत होत्या. चहा आला. विनोद म्हणाला, “मॅडम, तुम्ही कशासाठी आलात ते मला समजलं. पण माझं नाहीच आहे.”

माझं पहिलं वाक्य गळ्याशी आलं. मला ते दिसलं. मी कप खाली ठेवला आणि काही बोलले नाही. दुसरा श्वास गेला, तिसरा गेला. खोलीत त्याची भिंतीवरची चार-पाच घड्याळं टिकटिकत होती. मटारांच्या शेंगा फुटत होत्या.

आणि त्या गप्प राहिलेल्या जागेत विनोद बोलायला लागला.

“बाबा बगिच्याच्या रस्त्यावरच गेले, मॅडम. जानेवारीतली सकाळ, धुकं. समोरून ट्रक आला. मी दर रविवारी आईला घेऊन त्याच वळणावरून जातो. तिथं आलं की माझे हात गार पडतात. मी तिच्याशी एक शब्द बोलू शकत नाही तिथं. आणि आता ती म्हणते, मी एकटी जाते.”

शेंगा फुटायच्या थांबल्या.

“तुले भेव वाटते तिथं?” काकूंनी विचारलं. आवाज एकदम वेगळा होता.

“मग काय वाटणार?”

“सात वर्षं झाले गा, विनोद. बगिच्याच्या वाटेनं तू माह्याशी बोलत नाईस. मले वाटे, तुले कंटाळा येते. सुटीचा एक दिवस भेटते पोराले, तोबी म्हातारीले वागवण्यात जाते. म्हून म्हटलं, आपली आपण गाडी शिकू. तुह्यावर भार नको.”

विनोद आईकडे बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. काकूंनी मटारांचं ताट बाजूला सारलं, उठून त्याच्याजवळ गेल्या आणि बँडेजच्या हातानं त्याच्या पाठीवर थोपटत राहिल्या. मी खिडकीबाहेर बघायला लागले. माझी जुळवलेली वाक्यं केव्हाच विरघळली होती. मी ती बोलले असते तर तो उलट बोलला असता, काकूंनी मला गप्प केलं असतं, आणि मी हेल्मेट ठेवून घरी आले असते.

डोळे पुसत विनोद म्हणाला, “मग आता नको ना शिकू, आई. मला कंटाळा नाही.”

“आता?” काकू म्हणाल्या. “आता तर मले आवडून राहिलं! आता नाई सोडत बाप्पा.”

रडता रडता तो हसला. दुसऱ्या आठवड्यात तो स्वतः मैदानावर आला. काकू स्कूटीवर, आणि हा नीटनेटका माणूस, इस्त्रीचा शर्ट, मागचं कॅरिअर धरून धावतोय. उजवीकडची वळणं त्यानं त्यांच्याकडून इतकी करून घेतली की शेवटी त्याच ओरडल्या, “आता डावीकडे वळू देतं का नाई?” आणि धावण्याआधी तो आमच्या शेजारी पाच मिनिटं बाकावर बसायचा. डोळे मिटायचा नाही. “मी नुसता पाहतो,” म्हणायचा. काकू म्हणायच्या, “पाह्य बाबू. तेबी बसणंच आहे.”

संक्रांत झाली आणि एका रविवारी आम्ही निघालो. धुकं पूर्ण विरेपर्यंत काकूंनी कोणालाच हलू दिलं नाही. त्यांच्याकडे अजून शिकाऊ लायसन होतं, म्हणून मी मागे बसले. आमच्या मागे विनोद मोटारसायकलवर. शहर संपलं, कळमेश्वरचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना तुरीच्या उभ्या ओळी, मधेच हरभरा, आणि थंड वाऱ्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी. काकूंचा वेग असा की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून पुढे गेला आणि वळून नमस्कार करून गेला.

ते वळण आलं तेव्हा मला कोणी सांगावं लागलं नाही. काकूंची पाठ ताठ झाली. त्यांनी स्कूटी हळू केली, डाव्या कडेला घेतली आणि थांबवली. विनोदही थांबला. कोणी उतरलं नाही. काकूंनी डोळे मिटले. मीही मिटले. एक बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकू येत राहिला. मग विनोदचा आवाज आला, “आई, बाबा इथं नेहमी गाणं म्हणायचे ना? मोठ्यानं?”

“लय बेसूर,” काकू म्हणाल्या, आणि स्कूटी सुरू केली. तिथून बगिच्यापर्यंत मायलेक शेजारी-शेजारी गाड्या चालवत एकमेकांशी ओरडून बोलत होते. रहदारीच्या दृष्टीनं हे साफ चूक होतं. मी शिकवणारी बाई असून एक शब्द बोलले नाही.

बगिच्यात काकू झाडाझाडापाशी गेल्या. पान दोन बोटांत धरून वळवून पाहायच्या. शेवटी होकारार्थी मान हलवून म्हणाल्या, “हाव. आज.” मोटर सुरू झाली, पाइपातून आधी खोकल्यासारखी हवा आली, मग पाणी. दांडातून ते निघालं तसा कोरड्या मातीतून एक आवाज आला, हलकेच, तव्यावर थेंब पडल्यासारखा. काकूंनी बूट काढून फेकले, ड्रेस खोचला आणि फावडं घेऊन पाण्यामागे निघाल्या. मीही चप्पल काढली. थंडगार चिखल बोटांत शिरला. मलूल, कडा वळलेली झाडं अंगावर उन्हं घेऊन उभी होती आणि पाणी एकेका आळ्यात जाऊन गोल फिरत होतं. मला त्या क्षणी दुसरीकडे कुठेही जायचं नव्हतं, काहीही आठवायचं नव्हतं. बाकावर दोन महिने जे धरायला गेले आणि सुटलं, ते इथं न मागता पायाशी आलं होतं.

फेब्रुवारीत काकूंचा फोन आला, “ये लवकर.” मी गेले. बगीचा दिसायच्या आधी वास आला. पांढऱ्या फुलांनी झाडं अशी लगडलेली की मधमाश्यांच्या आवाजानं हवाच गुणगुणत होती. काकू मला म्हणाल्या, “पाह्य. मेले म्हंत होते झाडाइले लोक.”

तीन वर्षं झाली. मी फार बदलले असं सांगितलं तर ईरा खदाखदा हसेल. मी अजून ओरडते. पण आता राग दार वाजवून येतो. पूर्वी थेट स्वयंपाकघरात घुसायचा. संदीपची कंपनीची बस गेली की दूध यायच्या आधीची दहा मिनिटं माझी असतात, बाल्कनीत, चौघडी घातलेल्या चादरीवर. कधी सात होतात. कधी आठवड्यातले दोन दिवस गळतात. मन मिनिटाला चार वेळा पळतं. मी त्याला वळवते, आणि पुष्कळदा तेवढ्यातच दूधवाला येतो.

काकू आता हिवाळाभर बगिच्यातच राहतात. विनोदनं तिथली जुनी खोली नीट करून दिली. यंदा थंडी आली त्या मंगळवारी, मी मैदानावरून घरी येऊन हात शेकत होते, तोच त्यांचा फोन आला. आवाजात घाई आणि चक्क लाज.

“वैशाली, एक गोष्ट झाली वं. इथं शेजारच्या वावरातली इंदू आहे ना, तिले मी स्कूटी शिकवून राहिली.”

“वा, काकू! मॅडम झालात की तुम्ही.”

“कायची मॅडम! सकाळी मी तिच्यावर अशी खेकसली, अशी खेकसली, का बिचारी गाडी सोडून आपल्या घरी जाऊन बसली. तिले दहा दहा वेळा सांगितलं, ब्रेक डाव्या हातात आहे, तरी उजवा पिळते! मले काहून राग आला एवढा? आता काय करू मी?”

मला इतकं हसू आलं की फोन दुसऱ्या हातात घ्यावा लागला.

“काकू, आधी तिच्या घरी जा आणि चहा मागा. पण त्याच्या आधी पाच मिनिटं बसा.”

“एकटीच?”

“मी आहे ना. फोन चालू ठेवा.”

त्यांनी फोन कशावर तरी टेकवला, त्याचा खडखडाट ऐकू आला. मी माझा ओट्यावर ठेवला आणि तिथंच, स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला पाठ लावून बसले. डोळे मिटले. माझ्याकडे शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, खाली भंगारवाल्याची हाक. फोनमधून मोटरची घरघर, लांबवर कोणीतरी बैलांना हाक मारतंय, आणि काकूंचा श्वास, आधी धापा टाकणारा, मग हळूहळू लांब होत गेलेला.

“झालं का वं?” बऱ्याच वेळानं फोनमधून आवाज आला.

“अजून एक मिनिट राहिलंय, काकू.”

“बरं,” त्या म्हणाल्या. आणि आम्ही दोघी ते मिनिट बसलो.